ही जागा विकायची नाही



१६८७ साली अख्खं बेंगळुरू विकायला निघालं होतं. किंमत तीन लाख रुपये. विकणारे आपलेच, म्हणजे व्यंकोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. इथे त्यांना एकोजी म्हणतात. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इकडे आले, केंपेगौडा घराण्याच्या हातातून हे गाव गेलं आणि शहाजीराजांची जहागीर झालं. पुढे ते व्यंकोजींकडे आलं. पण तोवर व्यंकोजी तंजावरला जाऊन बसले होते. आता तंजावर कुठे आणि बेंगळुरू कुठे. मालक एका गावी, जागा दुसऱ्या गावी, राखणीचा खर्च चालूच. अशा मालकाच्या मनात पहिला विचार कुठला येतो, हे गावाकडे घर असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. त्यांनी मैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी सौदा ठरवला.

सौदा ठरतोय, पैसे अजून पोचायचेत, तेवढ्यात औरंगजेबाचा सरदार कासीमखान आला आणि गावाचा ताबा घेऊन बसला. मग मैसूरकरांनी त्याच्याशी बोलणं केलं आणि तितक्याच रकमेत गाव आपल्या पदरात पाडून घेतलं. मार्क विल्क्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मैसूरचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १८१० साली आला, त्यात हा किस्सा आहे. मी तो वाचला तेव्हा हसले, कारण माझ्या टेबलावर दर आठवड्याला एक तरी फाईल अशीच येते. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे.

मी वकील नाही. एका वकिलाच्या ऑफिसात जुने कागद वाचायचं काम करते. कन्नडमधले हातानं लिहिलेले पहणी, खरेदीखतं, वाटणीपत्रं. घर घेणाऱ्या माणसाला हे कागद दिसतात, पण ते त्याच्याशी बोलत नाहीत. बेंगळुरूत आलेल्या मराठी माणसाला तर अजिबात नाहीत, कारण लिपी वेगळी. शब्द मात्र ऐकले की तो चमकतो. अहो, गुंठा तोच! चाळीस गुंठ्यांचा एकर इथेही. खातं तेच, इनाम तेच, जमाबंदी तीच. आपल्या कुलकर्ण्याला इथे शानुभोग म्हणायचे आणि पाटलाला पटेल. आपला सातबारा म्हणजे इथली पहणी, फेरफार म्हणजे म्युटेशन, गावठाण म्हणजे ग्रामठाण, एनए करणं म्हणजे कन्व्हर्जन. आणि प्लॉटला इथे प्लॉट म्हणत नाहीत, साइट म्हणतात. 'थर्टी-फॉर्टी साइट' म्हणजे तीस फूट बाय चाळीस फूट, बाराशे चौरस फूट. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

आज मला देवनहळ्ळीबद्दल बोलायचंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते नाव विमानतळाच्या रस्त्यावरच्या पाटीवर दिसलं असेल. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, तालुक्याचं गाव. हिंजवडी, वाघोली, पनवेलचं जे झालं ते इथे आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत होतंय, म्हणून हेच गाव निवडलं.

गाव जुनं आहे. इथून जवळच आवती नावाचं खेडं आहे. कांचीकडून सात भाऊ गाड्या जुंपून आले आणि आवतीला राहिले अशी इकडची कथा आहे. त्यांच्या वंशातून देवनहळ्ळीचे, चिक्कबळ्ळापूरचे, दोड्डबळ्ळापूरचे पाळेगार झाले, आणि केंपेगौडांचं घराणंही आपलं मूळ तिथेच सांगतं. म्हणजे ज्या बेंगळुरूमुळे आज देवनहळ्ळीला भाव आलाय, त्या बेंगळुरूची आजी देवनहळ्ळीच्या शेजारी राहत होती. १५०१ साली मल्लभैरेगौडानं इथे मातीचा कोट बांधला. १७४९ मध्ये मैसूरच्या नंजराजानं वेढा घालून तो घेतला. त्या वेढ्यात हैदर नावाचा एक तरुण शिपाई पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला. वर्ष-दोन वर्षांत याच गावात त्याला मुलगा झाला, तो टिपू. १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसनं हा किल्ला घेतला. तोवर मातीच्या जागी दगडी तट आणि गोल बुरूज झाले होते, ते अजून उभे आहेत.

टिपूच्या जन्मजागी चार खांबांची छोटी चौकट आणि एक शिळा आहे. बस्स. किल्ल्याच्या आत मात्र माणसं राहतात. वेणुगोपालस्वामीचं मोठं देऊळ, त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या, दारात रांगोळी, वाळत घातलेलं धान्य. तट पाहायला आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही की आपण कुणाच्या तरी अंगणात उभे आहोत. इथली जुनी घरं म्हणजे तोट्टीमने. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी सोपा, लाकडी खांब, वर कौलं. आपला चौसोपी वाडाच, जरा बुटका. आणि परसात चकोत्याचं झाड. चकोता म्हणजे आपलं पपनस. देवनहळ्ळीचं पपनस आतून लाल आणि गोड, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आता हे फळ पाहायला तुम्हाला मुद्दाम शोधत जावं लागतं. मानांकन मिळालं आणि झाडं कमी होत गेली. झाडाखालच्या जमिनीचा भाव फळाच्या भावाला कधीच ऐकला नाही.

२४ मे २००८ ला विमानतळ सुरू झाला. त्याला सुमारे चार हजार एकर जमीन लागली. त्यानंतर या पट्ट्यात जे बोर्ड उभे राहिले ते तुम्ही पाहिलेच असतील. विमानतळ इतक्या मिनिटांवर, टेक पार्क तितक्या मिनिटांवर. जाहिरातीत अंतर नेहमी मिनिटांत सांगतात, किलोमीटरमध्ये नाही. आणि ती मिनिटं पहाटे तीनची असतात. जाहिरातीत इतिहास असतो का? असतो की. 'ऐतिहासिक देवनहळ्ळीच्या कुशीत' वगैरे एक ओळ, किल्ल्याचा फोटो, त्यावर मावळता सूर्य. त्या जमिनीवर काल काय होतं, ते कोणी लिहीत नाही.

नावाचीही किंमत असते हे सरकारलाही ठाऊक आहे. देवनहळ्ळी ज्या जिल्ह्यात येतं त्याचं नाव बेंगळुरू ग्रामीण होतं. जुलै २०२५ मध्ये नंदी डोंगरावर मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि जिल्ह्याचं नाव बेंगळुरू उत्तर करायचं ठरलं. 'ग्रामीण' गेलं, 'उत्तर' आलं. शेत तिथेच, ज्वारी-नाचणी तीच, पण दलालाला दुसऱ्या दिवशी बोलायला एक वाक्य मिळालं. जाता जाता एक गंमत. याच तालुक्यात विजयपुरा नावाचं गाव आहे, रेशमाच्या कोषांचा बाजार भरतो तिथे. आपल्या विजापूरचंही नाव आता विजयपुरा झालंय. सोलापूरच्या एका गृहस्थांनी मला फोनवर विचारलं होतं, 'विजापुरातली साइट विमानतळाजवळ कशी काय हो?'

आता कागदांकडे येते.

खरेदीखतात एक भाग असतो, शेड्यूल. त्यात जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितात. पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला ओढा, उत्तरेला तलावाचा बांध. आपल्याकडे चतुःसीमा, इथे चक्कुबंदी. ही पद्धत इंग्रजांनी आणली असं बऱ्याच जणांना वाटतं. तुम्ही कुठलाही जुना दानाचा शिलालेख घ्या. राजानं किंवा सरदारानं देवळाला, ब्राह्मणाला, तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली, तर दगडावर काय कोरलेलं असतं? पूर्वेला हे, दक्षिणेला ते. तळाशी शाप. ही जमीन जो हिरावून घेईल त्याला हजारो वर्षं किड्याच्या जन्मात काढावी लागतील, अशा अर्थाचा. महाराष्ट्रात तर शापाचं चित्रच कोरायचे, तो गद्धेगाळ. म्हणजे व्यवहाराचा तपशील, सीमा, साक्षीदार आणि शेवटी दंडाचं कलम. आजच्या खरेदीखतात फक्त किडा आणि गाढव तेवढं राहिलेलं नाही. मला कधी कधी वाटतं, ते ठेवायला हवं होतं.

व्यंकोजींचाही असा एक लेख बेंगळुरूत आहे. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाच्या दगडावर. १६६९ सालचा. देवाच्या सेवेसाठी मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव दिल्याची नोंद त्यात आहे. अख्खं बेंगळुरू विकायला काढण्याआधी अठरा वर्षं त्यांनीच त्यातलं एक गाव देवाला दिलं होतं. तुमच्यापैकी मल्लेश्वरमला राहणारे त्या देवळात जातात, तो दगड ओलांडून जातात.

बी. एल. राईस नावाच्या अभ्यासकानं १९०५ मध्ये बेंगळुरू जिल्ह्यातल्या शिलालेखांचा खंड छापला, 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा नववा. त्यात तालुक्यानुसार क्रमांक आहेत. देवनहळ्ळी तालुक्याचे वेगळे. कुठल्या खेड्यात, कुठल्या शेतात, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला दगड उभा आहे, हे त्यात लिहिलंय. आज तो खंड हातात घेऊन त्या त्या जागी गेलात तर बरेच दगड सापडत नाहीत. रस्ता रुंद झाला, पाया खणला, लेआउट पडला. वीरगळाचं तर विचारूच नका. गावाच्या गाई सोडवताना कोणी मेला, त्याचा दगड. तो कपडे धुवायला वापरला जातो, पायरी म्हणून बसवला जातो. नशीब चांगलं असेल तर शेंदूर लागतो आणि वाचतो.

पण उलटंही घडतं. हेब्बाळला २०१८ मध्ये खोदकाम चालू असताना एक दगड वर आला. किट्टय्या नावाच्या वीराचा, इसवी सन ७५०च्या आसपासचा. 'बेंगळुरू' हे नाव ज्या दगडावर पहिल्यांदा दिसतं तो बेगूरच्या देवळातला, साधारण ८९०चा. हेब्बाळचा त्याहूनही जुना. आज तो मंडपात उभा आहे. असे दगड शोधणारी, मोजणारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी फिरणारी मंडळी या शहरात आहेत. त्यातली बरीचशी आपल्यासारखीच आयटीतली किंवा निवृत्त. मिथिक सोसायटी म्हणून १९०९ सालची जुनी संस्था आहे, तिनं आता या शिलालेखांचं त्रिमिती स्कॅनिंग हाती घेतलंय. दगड उद्या गेला तरी अक्षरं राहतील.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला साइट घ्यायचीय, हे दगड कशाला? सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक जोडपं आलं. तो लातूरकडचा, ती नाशिकची. दोघंही नोकरीत, भाड्याच्या घरात आठ वर्षं काढलेली. देवनहळ्ळीच्या बाजूला एक थर्टी-फॉर्टी पाहिलेली. फाईल चकचकीत होती, प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक कागद. बोजा दाखला, ज्याला इथे सगळे ईसी म्हणतात, तो तीस वर्षांचा, स्वच्छ. विक्रीची साखळी नीट. मला खटकली ती एकच गोष्ट. साखळी सुरू कुठून होते? पहिला विकणारा १९९१ सालचा. त्याच्याकडे जमीन कुठून आली, तो कागदच नाही. ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. सरकारनं एखाद्याला जमीन दिली असेल तर ती नोंद तिथे येत नाही.

मग जुनी, हातानं लिहिलेली पहणी काढली. कर्नाटकानं २००० सालच्या सुमाराला भूमी नावाची योजना आणून सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले. मोठं काम झालं, त्यांचं कौतुकच आहे. पण संगणकावर येताना समासातले बारीक शेरे कधी कधी मागे राहतात. हातच्या पहणीत एका रकान्यात, फिक्या शाईत, ग्रँटचा क्रमांक होता. तालुका कचेरीत तीन खेपा घातल्यावर सागुवळी चीटीची नक्कल मिळाली. सागुवळी चीटी म्हणजे सरकारनं भूमिहीनाला कसायला जमीन दिल्याचा दाखला. ज्याला दिली तो दलित शेतमजूर. खाली अट लिहिलेली, ही जमीन विकता येणार नाही.

कर्नाटकात १९७८ चा एक कायदा आहे. त्याला सगळे पीटीसीएल म्हणतात. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना सरकारनं दिलेली जमीन अट मोडून किंवा सरकारच्या परवानगीशिवाय कोणी विकत घेतली, तर तो व्यवहारच रद्द. प्रांताधिकारी ती जमीन परत घेऊन मूळ कुटुंबाला देऊ शकतो. मधे कितीही खरेदीखतं झालेली असोत. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये हा कायदा उचलून धरला. पुढे २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं की दाद मागायला फार उशीर करून चालणार नाही. मग २०२३ मध्ये विधानसभेनं दुरुस्ती केली आणि मुदतीची ती अडचण काढून टाकली. महाराष्ट्रातल्या लोकांना हे परकं वाटू नये. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोन आहे, महार वतनं आहेत. बाबासाहेबांनी वतनाच्या प्रश्नावर १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं होतं. कायदे वेगळे, कलमं वेगळी, दुखणं एकाच घराण्यातलं.

मी त्या दोघांना कागद दाखवला. दलाल तिथेच होता. तो म्हणाला, 'मॅडम, त्या घरातली एक बाई आहे गावात. थोडे पैसे देऊ, सही घेऊ, विषय संपला.' तसा विषय संपत नाही, परवानगी सरकारची लागते, बाईची सही पुरत नाही. पण नाशिकची ती मुलगी म्हणाली, आपण त्यांना भेटू.

भेटलो. ज्याला जमीन मिळाली होती त्याची ती मुलगी, साठीच्या पुढची. शेजारच्याच एका पॉलीहाऊसमध्ये फुलं खुडायला जायची. तिनं सांगितलं, वडील आजारी पडले तेव्हा अंगठा दिला. किती पैसे मिळाले ते तिला आठवत होतं, मी इथे सांगत नाही, पण आज त्या साइटच्या एका चौरस फुटालाही तेवढे पडत नाहीत. ती भांडली नाही, रडली नाही. आम्हाला ताक दिलं. जमीन कुठली ते लांबून हातानं दाखवलं. म्हणाली, तिथे आमची विहीर होती, ती बुजवली की आहे?

परतीच्या गाडीत त्या दोघांची जुंपली. त्याचं म्हणणं, आपण सोडली तर दुसरा घेईल, तिला काय फरक पडणार? त्यातही तथ्य होतं. तिचं म्हणणं, दुसऱ्याला घेऊ दे. मी मागे बसून गप्प होते, ते माझं काम नव्हतं. त्यांनी साइट घेतली नाही. वकिलांनी त्या बाईला अर्ज कुठे करायचा ते लिहून दिलं. आणि हो, साइट दुसऱ्यानं घेतलीच. आता तिथे दुमजली घर आहे, दारात तुळस आहे. अर्जाचं प्रकरण चालू आहे. त्या घरातल्या माणसांना ते ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्यांचीही आयुष्यभराची कमाईच असणार.

म्हणून म्हणते, साखळी जिथून सुरू होते त्याच्या मागचा कागद मागा. त्याला इथे मदर डीड म्हणतात. आईचा कागद. तो नसेल तर पुढची दहा खतं सुंदर असून उपयोग नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला कुठेही मिळतील. साइट ग्रामपंचायतीत असेल तर फॉर्म नऊ आणि अकरा मागा. ई-खातं मागा, २०२४ पासून नोंदणीला ते लागतंच. 'बी खातं आहे, लवकरच ए होणार' हे वाक्य गेली पंधरा वर्षं ऐकतेय. कन्व्हर्जन झालेलं नसेल तर ती साइट नाही, ते शेत आहे, त्यावर चुन्यानं रेघा मारल्यात एवढंच. लेआउट रेरात नोंदलेला आहे का बघा. आणि गावचा जुना नकाशा बघा, सर्व्हेचा. त्यात तलाव आणि राजकालुवे, म्हणजे तलावातून तलावात पाणी नेणारे मोठे ओढे, दाखवलेले असतात. या भागात नदी अशी नाही, साखळीनं बांधलेल्या तलावांवर गावं जगली. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खोलगट तुकडा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. पाण्याला त्याची जागा आठवते.

जुन्या घरांबद्दल थोडं. देवनहळ्ळीच्या पेठेतल्या गल्ल्यांमध्ये तोट्टीमने विक्रीला निघतात, पण घर म्हणून नाही, जागा म्हणून. भाव जमिनीचा, घराची किंमत शून्य. उलट पाडायचा खर्च वजा करतात. खांब वेगळे विकले जातात, दारं वेगळी, ती कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जाऊन उभी राहतात. अशा घराची कागदपत्रं पाहताना मी आधी एकच प्रश्न विचारते. बहिणी किती? कारण कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा देणारी दुरुस्ती झाली, देशभर ती २००५ ला आली. तीस वर्षं झाली, तरी भाऊ मला सांगतात, 'बहिणींचं लग्नातच सगळं करून दिलंय.' तीन भावांच्या सह्या, बहिणींची नावंच नाहीत, असा कागद आला की मी तो बाजूला ठेवते. एकदा एका घरात हा प्रश्न विचारला तर आतून एक म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, मी आहे की! घरात सगळे गप्प. त्या व्यवहाराला पुढे चार महिने लागले, पण तिची सही झाली आणि तिच्या खात्यात पैसेही आले. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त आनंद झालेला व्यवहार तो.

आता शेवटचा भाग.

बेंगळुरूत फिरताना तुम्ही मोकळ्या जागांच्या भिंतींवर, गेटवर एक वाक्य रंगवलेलं पाहिलं असेल. 'ई स्वत्तु माराटक्किल्ल.' ही मालमत्ता विक्रीला नाही. पुण्याहून नवीन आलेल्या माणसाला हसू येतं, अरे विचारलं कुणी! पण कारण आहे. मालक परदेशी किंवा म्हातारा, जागा रिकामी, कोणीतरी खोटे कागद करून परस्पर विकतो. म्हणून मालक बिचारा भिंतीवर लिहून ठेवतो.

देवनहळ्ळी तालुक्यात हेच वाक्य तेरा गावांनी मिळून म्हटलं. चन्नरायपट्टण होबळीतली गावं. होबळी म्हणजे आपलं महसूल मंडळ. एरोस्पेस पार्कसाठी तिथली १,७७७ एकर जमीन घ्यायचं सरकारनं ठरवलं. द्राक्षं, आंबा, तुती, भाजीपाला, नाचणी, फुलं पिकवणारी जमीन. एप्रिल २०२२ पासून शेतकरी धरण्याला बसले. सरकार बदललं, ते बसूनच होते. हजारांहून जास्त दिवस झाले. १५ जुलै २०२५ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी त्यांना बोलावून सांगितलं की संपादन सोडून देतोय. ज्यांना स्वखुशीनं द्यायची असेल त्यांची जमीन जास्त मोबदला देऊन घेऊ.

मला या बातमीतला तो दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. त्या तेरा गावांतही विकायला तयार असलेले लोक आहेत. त्यांना दोष देता येत नाही. शेतीचा हिशोब बसत नाही, मुलगा विमानतळावर नोकरीला, मुलीचं शिक्षण. शिवाय २०२० मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला. आधी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, आता येते. महाराष्ट्रात आजही शेतकरी असल्याचा दाखला लागतो, इथे नाही. त्यामुळे धरणं जिंकलं तरी दारात गिऱ्हाईक आहेच. एकजण विकतो, मग बांधालगतचा विकतो, मग मधल्याला जायला वाट राहत नाही, मग तोही विकतो. संपादनाची नोटीस न येताही गाव असं जाऊ शकतं. आणि ते गिऱ्हाईक कोण, तर आपणच. मी सुद्धा. बेंगळुरूत येऊन आपण सगळ्यांनी कुणाच्या तरी नाचणीच्या शेतावरच घर बांधलंय. ते बांधू नये असं मी म्हणत नाही, माणसानं राहायचं कुठे?

ज्यांनी यंदा त्या बाजूला काही बघायचं ठरवलंय त्यांच्यासाठी एक सांगते. दलालाच्या गाडीतून जाऊ नका. एखाद्या रविवारी स्वतः बसनं जा. किल्ला बघा, देवळात जा, तटावरून चारी बाजूंना नजर टाका, नंदीचा डोंगर दिसेल. मग ज्या खेड्यात साइट आहे तिथे जाऊन पारावर बसा आणि विचारा, या शेताला काय म्हणतात? प्रत्येक शेताला नाव असतं. अमक्याची विहीर, तमक्याचा माळ, तलावाच्या खालचं. नावातच निम्मा इतिहास असतो आणि बऱ्याचदा निम्मा वादही. राईसचा तो नववा खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, त्यात त्या खेड्याचं नाव आहे का ते बघून ठेवा. असेल तर दगडही शोधा. आणि कन्नड येत नसेल तर मोडकंतोडकं बोला, लोक ताक देतात.

आता प्रश्न घेऊ या. समोरच्या काकांनी मघापासून हात वर धरलाय. बोला काका, ए खातं की बी खातं?